माढ्याचं पुरण, टोकियोचा गळ

माढा तालुक्यातला माणूस मासेमारीवर बोलायला लागला की कोकणातले मित्र हसतात. हसू द्या. आमच्याकडे समुद्र नाही, पण उजनी आहे. १९८० मध्ये धरण पूर्ण झालं, भीमानगरच्या भिंतीमागे पाणी तुंबलं, आणि ज्वारी-करडईच्या आमच्या मुलखाला उसाबरोबर मासेही मिळाले. चिलापी, रोहू, कटला, मरळ, शिंगटा ही नावं आम्हाला पाढ्यांबरोबरच पाठ झाली. तेव्हा गळाला गांडूळ कसं लावायचं ते टोकियोत येऊन शिकावं लागलं नाही. बाकी बरंच शिकावं लागलं.

आम्ही राहतो एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईला. २००० सालच्या आसपास भारतातून संगणकवाले इथे आले. तोझाई लाइनने ओतेमाचीच्या बँका-कचेऱ्यांत थेट जाता येई आणि इथल्या सरकारी धाटणीच्या वसाहतींत जपानी जामीनदाराशिवाय घर मिळे, म्हणून ते इथेच टिकले. २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला. त्यामुळे हिंग-हळदीसाठी वणवण करण्याचे दिवस आमच्या वाट्याला आले नाहीत. तरीही घरचा सण आणि सुट्टीतली मासेमारी, दोन्हींत हाताला बरंच वळण बदलावं लागलं. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय: जिन्नस बदलला तर चालतं, क्रम बदलला तर चालत नाही. खालचे बोल त्याच मताचे, थोडे इकडेतिकडे भरकटणारे.

१. शिट्ट्या मोजू नयेत, डाळ दाबून बघावी.

आमच्या बोअरचं पाणी जड. त्यात हरभऱ्याची डाळ शिजायला वेळ घेते. टोकियोच्या नळाचं पाणी त्यामानाने हलकं, डाळ बघता बघता शिजते आणि जरा दुर्लक्ष झालं की गळते. मग कट निथळत नाही, पुरण पातळ होतं, पोळी तव्यावर फुटते. गावाकडच्या शिट्ट्यांचा हिशेब इथे निरुपयोगी आहे. दाण्याला बोट लावायचं आणि ठरवायचं. फोनवर आईचं ठरलेलं वाक्य असतं, "आरं, डाळ बोटानं मोडती का बघ आदी, मग गुळाचं बोल." तिचं म्हणणं शास्त्रालाही धरून आहे. गूळ आधी पडला की डाळ पुढे मऊ व्हायचं नाव घेत नाही.

गुळाचं म्हणाल तर भारतीय दुकानात तो मिळतोच, पण ओकिनावाची काळी साखरही चालते. उसाचा रस आटवूनच ती करतात, चवीला किंचित खारट आणि करपट गोड. पुरण काळपट होतं, गुळवणी मात्र फर्मास. पिठाचंही तसंच. इथे मैद्यासारख्या पिठाचे तीन प्रकार मिळतात: केकचं हलकं, पावाचं चिवट आणि उदोन शेवयांचं मधलं. मधलं घ्यायचं, त्यात निम्मी कणीक घालायची, तेल लावून दोन तास तिंबून ठेवायचं. पोळी हवी तशी ताणली जाते.

पुरणयंत्राची उणीव तर मला कधीच भासली नाही. जपानी माणसं नव्या वर्षाच्या ताटासाठी रताळं उकडतात, ते बारीक जाळीच्या चाळणीतून घासून काढतात आणि त्यात साखरेत मुरवलेले चेस्टनट घालतात. लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड सारणही याच चाळणीतून गाळतात. अशी चाळण कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळते. पुरण तिच्यातून लोण्यासारखं उतरतं. डाळ शिजवून, गोड घालून, आटवून वाटायची ही रीत त्यांनाही ठाऊक आहे हे कळल्यावर शेजारणीला पुरणपोळी समजावून सांगावी लागली नाही, नुसती वाढली.

२. शेंगदाणे बॅगेत भरून आणू नयेत.

सोलापूरकर परदेशी निघाला की बॅगेत शेंगा चटणी असतेच, ती असावी. पण कच्चे दाणे कशाला? एदो नदी ओलांडली की पलीकडे चिबा, आणि जपानात पिकणाऱ्या भुईमुगाचा बहुतांश भाग एकट्या चिबात पिकतो. त्यातलं याचिमाता हे गाव तर त्याच्यासाठीच ओळखलं जातं. शरदात तिथे ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून विकतात. गावाकडे शेंगांच्या काढणीला बांधावर डेचकं चढायचं, त्याचीच ही चव. चिबाचा दाणा टपोरा आणि गोडसर असतो. मंद आचेवर खमंग भाजला की शेंगा पोळीला त्याच्याइतका चांगला दाणा मला सोलापूरच्या बाजारातही क्वचित मिळाला आहे. हे वाक्य आमच्या घरी वाचू नये.

चटणी मिक्सरवर करू नये. जपानी स्वयंपाकघरात आतून रेघा पाडलेला मातीचा खल असतो, तीळ घोटायला. त्यात दाणे, लसूण, मीठ, काळं तिखट घेऊन तेल सुटेपर्यंत घोटत बसावं. हात दुखतो. दुखू द्यावा.

३. इथली शेगडी तव्यावर संशय घेते.

ही गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो. तेलाला आग लागून होणाऱ्या दुर्घटना टाळायला जपानात २००८ पासून घरगुती गॅस शेगडीच्या प्रत्येक बर्नरवर उष्णता ओळखणारा खुंटीसारखा सेन्सर सक्तीचा आहे. भांड्याचा तळ फार तापला की ज्योत आपोआप बारीक होते, पुढे बंदही पडते. तेलासाठी हे उत्तमच. पण आमची भाकरी कोरड्या, धगधगत्या तव्यावरच होते. पहिली नीट होते, दुसरी टाकेपर्यंत ज्योत मान टाकते. नव्याने आलेली माणसं शेगडी बिघडली समजून दुरुस्तीवाल्याला फोन करतात. बहुतेक शेगड्यांवर जास्त आचेसाठी एक वेगळं बटण असतं, ते काही क्षण दाबून धरावं लागतं. त्याने मर्यादा वाढते. ती पुरती जात नाही, जाऊही नये.

याच शेगडीच्या पोटात मासे भाजायचा कप्पा असतो. वांग्याच्या भरितासाठी त्याच्यासारखी जागा नाही. फुलका टाकला तर टम्म फुगतो. आता नैवेद्याचं वांगं मासे भाजलेल्या कप्प्यात कसं, हा प्रश्न आमच्याकडे आल्या दिवशी निघाला. निकाल असा लागला की सणासाठी जाळी वेगळी. ती वरच्या फडताळात असते आणि तिला हात लावण्याआधी आंघोळ लागते.

४. विरी गेलेल्या पिठाशी भांडू नये.

ज्वारीचं पीठ इथल्या दुकानांत येतं, पण जहाजातून आणि गोदामातून येतं. मंगळवेढ्याची मालदांडी दळून त्याच दिवशी थापणाऱ्यांना ते पीठ हातात घेताच कळतं. उकळत्या पाण्याची उकड काढून मळावं, लहान थापावी. जपानी ‘ताकाकिबी’ही ज्वारीच्याच जातीची आहे, पण तांबूस आणि चिकट. ती भातात छान लागते. भाकरीच्या वाटेला तिला नेऊ नये.

५. मासेमारीला जाण्याआधी कचऱ्याचा वार बघावा.

गावाकडे माशांची आतडी आणि खवले कोंबड्या-मांजरांच्या हवाली होतात. इथे जळणारा कचरा आठवड्यातून दोनदाच उचलतात. कचऱ्याची गाडी नुकतीच येऊन गेली असेल त्या दिवशी मासे आणले तर उन्हाळ्यात पुढच्या फेरीपर्यंत घरात काय वास राहील, कल्पना करा. जाणती माणसं ती घाण पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये ठेवतात आणि उचलायच्या सकाळी बाहेर काढतात. चकली-करंजीच्या तेलाचंही तसंच. ते मोरीत ओतायचं नाही. गरम तेलात घालायची एक पूड मिळते. तेल थंड झालं की जेलीसारखं घट्ट होतं, उचलून जळणाऱ्या कचऱ्यात टाकता येतं. दिवाळीत माझी पहिली खरेदी हीच.

६. भिंतीवरचं कालनिर्णय गळालाही उपयोगी पडतं.

एदोगावातल्या माणसाचा पहिला मासा म्हणजे ‘हाझे’. वितीएवढा, वाळूच्या रंगाचा, डोळे टक्क वर लावलेले. खाडीतून नद्यांच्या मुखात, कालव्यांत शिरतो आणि तळाशी पोटावर पडून राहतो. जुलैत बोटाएवढी पिल्लं, ऑक्टोबरात भरलेले मासे, थंडी वाढली की खोल पाण्यात पसार. बहुतेकांचं आयुष्य वर्षभराचं. आमच्या वसाहतीजवळ शिन-साकोन नावाचं पाणी आहे, पलीकडे जुनी एदो नदी. सुट्टीच्या सकाळी तिथे आजोबा, नातवंडं, डबे, घडीच्या खुर्च्या, जत्राच. शेजारच्या इमारतीतल्या निवृत्त आजोबांनी मला तिथे पहिल्यांदा नेलं. त्यांनी रीळ घेऊ दिलं नाही. एकात एक सरकणारी लांब काठी, दोरा, शिशाचा मणी, बारीक गळ, एवढंच. आमिषाला समुद्री अळ्या असतात. पण ज्यांना त्यांची किळस येते ते उकडलेल्या शिंपल्याच्या मांसाचा हरभऱ्याएवढा तुकडा लावतात, आणि मासा तक्रार करत नाही.

आता खरी गोष्ट. उजनीत पाणी वर-खाली होतं ते दरवाजे आणि कालव्यांच्या आवर्तनावर. घाटावरच्या माणसाच्या डोक्यात भरती-ओहोटी नसतेच. आजोबांच्या खिशात भरतीचं छापील वेळापत्रक असायचं. ते बघताना लक्षात आलं की हे सगळं तर चंद्रावर आहे, आणि चंद्र आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेला आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. टोकियोच्या खाडीत तेव्हा पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. अष्टमीला भांग, पाणी जेमतेम हलतं. हाझे चढत्या पाण्याबरोबर किनाऱ्याशी येतो. म्हणून उधाणाच्या दिवसांत ओहोटी संपताना पोचायचं, पाणी चढेल तसं मागे सरकत गळ टाकत राहायचं, भरती थांबली की आवरायचं. कोकणी माणसाला यात नवल वाटणार नाही. मला वाटलं. उपवास सोडायला म्हणून वापरलेली तिथी कधी माशांच्या कामी येईल असं माढ्यात कुणी सांगितलं नव्हतं.

हाझेने आमिष टोकरलं म्हणजे काठीच्या टोकाला हलकी थरथर जाणवते. चिलापीसारखा तो ओढून नेत नाही. त्या थरथरीवर लगेच हिसका द्यायचा नाही, नुसतं मनगट उचलायचं.

अडचण एकच, आणि ती आमच्याच घरची. हाझेचा भर सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्या दोन महिन्यांत गणपती, लक्ष्म्या, पितृपक्ष, नवरात्र. माढेश्वरीचे घट बसल्यापासून उठेपर्यंत मासे आणता येत नाहीत.  म्हणून आमच्या कुटुंबाचा मासेमारीचा हंगाम दसरा ते दिवाळी एवढाच, आणि कोजागिरी त्यातच येते. २०२५ साली जपानी लोकांचा चंद्र बघायचा सण आणि आपली कोजागिरी एकाच दिवशी आली, ६ ऑक्टोबरला. एरवी तो सण बहुधा भाद्रपदी पौर्णिमेला पडतो. त्यांनी तांदळाच्या गोळ्या मांडल्या, आम्ही गच्चीवर दूध आटवलं. आणि उधाण होतंच.

७. राजाच्या छंदाची चौकशी करावी.

हे स्वयंपाकाचं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. माजी सम्राट अकिहितो हे हाझेच्या कुळातल्या माशांचे जाणते अभ्यासक आहेत. त्यांचे शोधनिबंध आहेत. युवराज असताना, १९६५ मध्ये त्यांनी थायलंडच्या राजाला नाईल चिलापीचे ५० मासे भेट दिले. तिथे त्यांचं बीज वाढवून गरिबांपर्यंत पोचवलं गेलं. आफ्रिकेतून निघालेली चिलापी अशी जगभर फिरली, आणि दुसऱ्या वाटांनी आमच्या भीमेतही आली. उजनीतल्या जुन्या माणसांचं तिच्याबद्दल मत बरं नाही. देशी मासे तिने मागे सारले म्हणतात. बाजारात मात्र तीच सगळ्यात आधी संपते.

८. मासा हातात आला की घाई क्रमाने करावी.

आधी बर्फाच्या पाण्यात टाकायचा. मग घरी येऊन खवले, मग डोकं-आतडी, मग धुणं, मग कोरडा करणं. पोट साफ केल्यावर साध्या पाण्यात भिजवत ठेवला की चव गेली. मी हे सगळं मुकाट्याने मानलं, कारण आमच्याकडचे भोईही वेगळं सांगत नाहीत. फक्त आमच्याकडे बर्फाऐवजी ओलं गोणपाट असे. रश्शात हाझे विरघळतो. त्याला हळद-मीठ-काळं तिखट चोळून, तांदळाच्या पिठात घोळवून कुरकुरीत तळावा. रस्सा करायचाच तर ‘आजी’ हा मासा घ्यावा. पुळणीवर मिळणारा ‘किसू’ म्हणजे आपल्या मुडदुशीचा भाऊबंद, तोही तळायला सुंदर.

काय खायचं नाही, ते त्याहून महत्त्वाचं. आमिष खायला फुगणारे छोटे मासे सतत येतात. ते ‘फुगू’. परवानाधारक माणसाने साफ केल्याशिवाय तो तोंडाला लावायचा नाही. तो पाण्यात परत सोडावा. मिशावाला, पिवळ्या पट्ट्यांचा ‘गोंझुई’ दिसला तर शिंगट्याची आठवण ठेवावी. त्याचा काटा तितकाच नाही, त्याहून विषारी असतो. आणि खडकावरचे शंख, समुद्रकाकडी, आबालोनी उचलू नयेत. डिसेंबर २०२० पासून आबालोनी आणि समुद्रकाकडी चोरून काढण्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ कोटी येनपर्यंत दंड आहे. ‘पिकनिकला आलो होतो’ हे कारण चालत नाही. गोड्या पाण्याच्या नद्यांवर बहुतेक ठिकाणी दिवसाचं तिकीट काढावं लागतं. नदीकाठच्या दुकानात ते मिळतं.

९. आपली ताटाची रीत ही सगळ्यांची समजू नये.

आमच्या घरी सण आणि मासे एका दिवशी येत नाहीत. जपानात ते एकाच भांड्यात असतात. सेंदाईकडे नव्या वर्षाच्या ‘झोनी’ या मोची घातलेल्या सारासाठी हाझे भाजून वाळवून ठेवतात, त्याचं पाणी काढून सार करतात. म्हणजे आम्ही ज्याला सुट्टीतला खेळ म्हणतो तो तिथे सणाचा पाया. नव्या वर्षाच्या थरांच्या डब्यात साखर-सोयात परतलेले बारीक वाळलेले मासेही असतात. पूर्वी हे मासे भातशेतीत खत म्हणून टाकत, पीक चांगलं येई, म्हणून ते सुगीच्या आशेने खायचे. शेतकऱ्याच्या पोराला हा नैवेद्य लगेच पटतो. शेजाऱ्यांनी डबा दिला तेव्हा आम्ही तो आनंदाने घेतला, आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्यांना भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी दिली. ७ जानेवारीला सात पालेभाज्यांची पेज खाणाऱ्या माणसांना भोगीची मिसळणीची भाजी परकी वाटत नाही.

कुणी आपल्याकडे नाक मुरडलंच तर कोकणात कित्येक घरी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, हेही सांगावं. आमची रीत आमच्या घराची आहे, धर्माची मक्तेदारी नव्हे. उलट एकादशीला सावध राहावं. जपानी साध्या भाजीतही सुकवलेल्या माशाचं पाणी असतं. पंढरपूर शेजारी असलेल्या माणसाने आषाढीला बाहेर खायचंच तर भाजलेलं रताळं खावं. सुपरमार्केटच्या दारातच गरम मिळतं.

१०. सण रविवारी करायला लाजू नये.

इथे गणेशचतुर्थीला सुट्टी नाही, दिवाळीला नाही. देव घरी तिथीला बसतो, पाहुणे रविवारी येतात. टोकियो मराठी मंडळाचे कार्यक्रमही शनिवार-रविवार बघूनच होतात. विसर्जन नदीत करू नये. शाडूची मूर्ती बादलीत विरघळते, माती कुंडीत जाते. ज्यांना हे खटकतं त्यांना खटकू द्यावं. रविवारी माणसं असतात, आणि पुरणपोळी एकट्याने खायची गोष्ट नाही.

११. येताना काय आणायचं, हे विचारणाऱ्यांसाठी.

डाळ, गूळ, साबुदाणा, पापड, सगळं निशी-कासाईत किंवा उएनोच्या आमेयोको बाजाराच्या तळघरात मिळतं. ताजा कढीपत्ता, भाज्या, फळं प्रमाणपत्राशिवाय विमानतळावर अडवतात, तेव्हा आणू नका. मांसाचा कुठलाही पदार्थ तर अजिबातच नको. पुरणयंत्रही घरीच ठेवा. घरी कुटलेलं, कोरडं, घट्ट बांधलेलं काळं तिखट मात्र जमेल तेवढं आणा. त्याला इथे पर्याय नाही. आणि आलात की मला सांगा, उधाणाचा रविवार बघून ठेवतो.